संगणकावरील दरोडा

पूर्वीचा दरोडेखोर रात्री भिंत फोडून घरात शिरे आणि हाती लागेल ते घेऊन पसार होई. सकाळी घरधनी उठून पाही, तो पेटी रिकामी. आता एक नवा दरोडेखोर निघाला आहे. तो भिंत फोडीत नाही आणि पेटीही उचलून नेत नाही. घरातील सर्व चीजवस्तू तो जागच्या जागी राहू देतो. मात्र प्रत्येक पेटीला आपले कुलूप ठोकतो, किल्ली आपल्या खिशात घालतो आणि दारावर चिठ्ठी डकवून जातो, की अमुक इतकी रक्कम पाठवा, म्हणजे किल्ली मिळेल. चोरी आणि खंडणी ही दोन्ही पापे एकाच कृत्यात साधणाऱ्या या दुष्ट कारागिरीला संगणकाच्या जगात रॅन्समवेअर असे नाव पडले आहे. रॅन्सम म्हणजे ओलीस धरलेल्याच्या सुटकेसाठी मागितलेली खंडणी.

कुटुंबासाठी निघणाऱ्या या साप्ताहिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे, की संगणक आता केवळ कचेरीतील वस्तू राहिलेला नाही. वडगावातील माग चालविणाऱ्या घरात साडीच्या काठाचे नमुने त्यात असतात. निपाणीकडील व्यापाऱ्याच्या घरी तंबाखूच्या मोसमाचे हिशेब त्यात असतात. मुलांचा अभ्यास, मुलीच्या शिकवणीवर्गाची टिपणे, आखातात नोकरीस गेलेल्या लेकाची कागदपत्रे, दिवंगत आजीचे छायाचित्र, धाकट्याच्या बाप्तिस्म्याची व थोरलीच्या लग्नाची चलच्चित्रे, असे घराचे निम्मे संचित त्या एका पेटीत साठलेले असते. त्या पेटीला परक्याचे कुलूप लागले, की घरात रडारड होते, एकमेकांवर दोषारोप होतात आणि त्या घाईत नको ती पावले उचलली जातात. तेव्हा हा रोग ओळखावा कसा, काढावा कसा आणि मुळात येऊ नये म्हणून काय करावे, हे आम्ही आज सांगणार आहोत.

आरंभीच एक गोष्ट वाचकांनी मनात पक्की धरावी. संगणकातून हा रोग काढून टाकणे निराळे आणि त्याने घातलेली कुलपे उघडणे निराळे. चोराला घराबाहेर हाकलले म्हणून त्याने लावलेली कुलपे आपोआप उघडत नाहीत. हा भेद न समजल्यामुळेच पुष्कळांचे पैसे व्यर्थ जातात.

या दरोड्याची कुळकथा

हा प्रकार वाटतो तितका नवा नाही. १९८९ सालच्या डिसेंबरात जोसेफ पॉप नावाच्या एका जीवशास्त्रज्ञाने सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने लोकांना पाठविल्या. त्यांत एड्स या रोगाविषयी माहिती असल्याचे भासविले होते. फ्लॉपी वापरणाऱ्याचा संगणक काही दिवसांनी अडून बसे आणि पनामा देशातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा, अशी मागणी पडद्यावर उमटे. परंतु टपालाने पैसे मागणारा चोर लवकर सापडतो. पुढे २००९ साली बिटकॉइन हे आभासी नाणे निघाले आणि नावगाव लपवून खंडणी घेण्याची सोय झाली. तेव्हापासून या धंद्याला ऊत आला.

आपल्या भागालाही त्याची झळ लागली आहे. मे २०१६ मध्ये मुंबईच्या मंत्रालयात महसूल व सार्वजनिक बांधकाम या खात्यांचे सुमारे १५० संगणक ‘लॉकी’ नावाच्या अशाच रोगाने अडकले. हा लॉकी बहुधा ई-मेलबरोबर आलेल्या बनावट बिलातून शिरत असे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने अवघ्या जगाला हादरा दिला. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक त्याने जखडले आणि इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रोगी परत पाठवावे लागले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्यापूर्वी दोन महिने, १४ मार्च रोजीच, प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती आळसाने घेतली नाही, त्यांच्यावर संकट कोसळले. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’च्या तडाख्याने न्हावा शेवा बंदरातील एका धक्क्याचे काम बंद पडले. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची संगणकयंत्रणा आणि जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, गोव्याच्या जलसंपदा खात्याची पुरावर लक्ष ठेवणारी यंत्रणा याच मार्गाने ओलीस धरली गेली.

खेड्यातील माणसाला ही सारी मोठ्यांची दुखणी वाटतील. परंतु ३१ जुलै २०२४ रोजी काय झाले ते आठवावे. सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या संस्थेवर असा हल्ला झाल्याचे दिसताच, पुढील अनर्थ टाळण्यासाठी तिला देशाच्या देवघेवीच्या जाळ्यापासून तात्पुरते तोडण्यात आले आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे मोबाइलवरून होणारे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. मात्र दुधाचे किंवा ऊसबिलाचे पैसे अशा लहान बँकेत असणाऱ्या शेतकऱ्यालाही हा दरोडा आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो, हे त्यातून दिसून आले. त्या दिवशीच्या एका कृतीचा आम्ही पुढे पुन्हा उल्लेख करू, ती म्हणजे रोगट अवयव ताबडतोब अलग करणे.

घरात तो कोणत्या दाराने येतो?

कचेऱ्यांवर हल्ला करणाऱ्या टोळ्या वेगळ्या आणि घरगुती संगणकावर टपलेल्या वेगळ्या. घरांतून ज्या रोगाने अधिक उच्छाद मांडला, त्याचे नाव ‘स्टॉप’ अथवा ‘डीजेव्हीयू’. त्याचे येण्याचे दार ठरलेले असते. पैसे देऊन घ्यावयाचा खेळ, चित्रे सुधारण्याची किंवा लग्नपत्रिका जुळविण्याची प्रणाली, अथवा खुद्द विंडोज फुकटात चालावी म्हणून इंटरनेटवर ‘क्रॅक’ नावाच्या चोरकिल्ल्या मिळतात. आपण ती चोरकिल्ली उतरवून घेतो आणि तिच्या पोटात दडून हा चोर आत येतो. गंमत अशी, की ही किल्ली चालविताना ‘अगोदर अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते आणि आपण ती मुकाट्याने पाळतो. राखणदाराला आपणच बाहेर काढून चोराला पाट मांडतो!

येथे आम्हांस धर्मगुरू म्हणून दोन शब्द बोलणे भाग आहे. चोरी करू नये, ही देवाची सातवी आज्ञा आपण धर्मशिक्षणवर्गात लहानपणी पाठ केली. दुकानातील खडीसाखरेचा खडा उचलणे ही चोरी, हे आपल्या मुलांना कळते. परंतु दुसऱ्याने कष्टाने तयार केलेली प्रणाली किंमत न देता वापरणे हीदेखील चोरीच, हे पुष्कळ वडीलधाऱ्यांनाही पटत नाही. ‘सगळेच वापरतात’ हे उत्तर पापनिवेदनात चालत नाही आणि येथेही चालणार नाही. ऐपत नसेल तर प्रामाणिक मार्ग उपलब्ध आहेत. पत्रे व हिशेब लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस, चित्रे सुधारण्यासाठी गिम्प, नक्षी काढण्यासाठी इंकस्केप या प्रणाली त्यांच्या कर्त्यांनीच सर्वांना मोफत दिल्या आहेत. दान घ्यावे, चोरी करू नये.

दुसरे दार ई-मेलचे. कुरियरची पावती, वीजबिल, नोकरीचे पत्र, आयकराची नोटीस, असे काहीतरी जोडून येते. नाव दिसते बिलाचे, पण असते ती चालू होणारी प्रणाली. विंडोजमध्ये फाइलनावाचे शेवटचे शेपूट लपविलेले असते, म्हणून फसगत होते. ते दिसेल अशी व्यवस्था करून घ्यावी. बिलाच्या नावाअखेर ‘ईएक्सई’ ही अक्षरे दिसली, तर ते बिल नव्हे, सुरुंग समजावा. तिसरे दार जुनाट विंडोजचे. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि विंडोज १० ची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. कौले फुटलेल्या घरात पावसाळा काढावा, तसे हे आहे.

खरा रोग आणि सोंग

आता लक्षणांकडे वळू. पडदा भरून एखादे भयंकर पान उघडते. त्यावर पोलिसांचे अथवा सरकारचे बोधचिन्ह असते, कर्णा वाजू लागतो आणि ‘तुमचा संगणक जप्त झाला आहे, दंड भरा’ किंवा ‘या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असे बजावले जाते. घाबरलेला माणूस फोन करतो किंवा बँककार्डाचा क्रमांक देऊन बसतो. वाचकहो, हे बहुतेक वेळा नुसते सोंग असते. इंटरनेटवरील एका पानाने पडदा व्यापला आहे, इतकाच त्याचा अर्थ. कंट्रोल, आल्ट व डिलीट ही तीन बटणे एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा, ब्राउझर बंद करावा आणि पुन्हा सुरू करताना जुनी पाने उघडू देऊ नयेत. नंतर आपली छायाचित्रे व कागद उघडून पाहावेत. ते नीट उघडत असतील, तर पेटीला कुलूप लागलेले नाही. कोणतेही पोलीस ठाणे संगणकाच्या पडद्यावर दंड वसूल करीत नाही.

खऱ्या रोगाची लक्षणे अशी आहेत. काल उघडणारी छायाचित्रे आज उघडत नाहीत. फाइलींच्या नावांना चार-पाच अक्षरांचे एक अनोळखी नवे शेपूट लागलेले असते आणि ते सर्व फाइलींना सारखेच असते. फाइलींची चित्रचिन्हे पांढरी व कोरी होतात. प्रत्येक कप्प्यात ‘रीडमी’ अथवा तत्सम नावाची एक चिठ्ठी आढळते. डीजेव्हीयूच्या चिठ्ठीत ९८० डॉलरांची मागणी असे, आणि ७२ तासांच्या आत संपर्क साधल्यास निम्म्या रकमेत, म्हणजे ४९० डॉलरांत, काम होईल असे आमिष असे. बाजारातल्या सवलतीची ही नक्कल मुद्दाम केलेली असते. माणसाला विचार करण्यास वेळ मिळू नये, हा तिचा हेतू. कुलपे घालण्याचे काम चालू असताना हा रोग पडद्यावर विंडोजच्या दुरुस्तीचे खोटे चित्रही दाखवितो, म्हणजे घरधनी स्वस्थ बसतो.

पहिल्या तासात काय करावे?

सर्वांत आधी इंटरनेट तोडावे. वायफायची पेटी बंद करावी, तार असल्यास ती उपटावी. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क जोडलेली असल्यास ती काढून घ्यावी, आणि दुसरी कोणतीही जोडू नये. आपली एकुलती एक सुरक्षित प्रत घाईघाईने रोगी संगणकाला जोडून तीही गमावलेली माणसे पुष्कळ. डोळ्यांदेखत फाइलींची नावे बदलत असतील, तर बटण दाबून धरून संगणक सरळ बंद करावा. बँकांच्या बाबतीत जे झाले, तेच येथे करावयाचे: रोगट अवयव अलग करावयाचा.

तदनंतर चिठ्ठीचे आणि नवे शेपूट लागलेल्या फाइलींच्या नावांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. चिठ्ठी पुसू नये. पुढे वैद्याला रोग ओळखण्यास तीच उपयोगी पडते. मग १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा, किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. कर्नाटकात अशा गुन्ह्यांसाठी सी.ई.एन. या नावाने ओळखली जाणारी खास पोलीस ठाणी आहेत. बेळगाव शहरात व जिल्ह्यात ती आहेत. तक्रार मराठीत सांगावी की कन्नडमध्ये, या संकोचात दिवस घालवू नयेत. शेजारी कन्नड जाणणारा बंधू असतोच. त्याला बरोबर न्यावे.

रोग काढण्याची रीत

कुलपे उघडण्याच्या खटपटीला लागण्यापूर्वी रोग काढला पाहिजे. डीजेव्हीयूसारखा रोग संगणकात एक गुप्त वेळापत्रक लावून ठेवतो आणि दर काही मिनिटांनी पुन्हा जागा होऊन नव्या फाइलींना कुलूप घालतो. तो आत असेपर्यंत परत आणलेली प्रत्येक वस्तू पुन्हा बंदिवान होईल.

विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर नावाचा राखणदार मुळातच दिलेला असतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन, व्हायरसविषयीच्या विभागातील स्कॅनच्या पर्यायांतून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावा. संगणक स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागी होण्यापूर्वीच, म्हणजे चोर निजलेला असतानाच, झडती घेतली जाते. यास साधारण पाव तास लागतो. नंतर पूर्ण स्कॅनही करावा. त्यास कित्येक तास लागतील, ते लागू द्यावेत. राखणदारच चालू होत नसेल, तर शिफ्टचे बटण दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करावे आणि पुढे येणाऱ्या पर्यायांतून ‘सेफ मोड’मध्ये जाऊन प्रयत्न करावा. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही संगणक शुद्ध करण्याची साधने निःशुल्क मिळतात. ती दुसऱ्या निरोगी संगणकावर उतरवून, कोऱ्या पेनड्राइव्हने आणावीत, आणि तो पेनड्राइव्ह पुन्हा निरोगी संगणकाला लावू नये.

मात्र सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे संगणक संपूर्ण पुसून विंडोज नव्याने बसविणे. तत्पूर्वी कुलूप लागलेल्या महत्त्वाच्या फाइली व ती चिठ्ठी एका वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. कुलूप लागलेली फाइल स्वतः रोग पसरवीत नाही. ती निरुपद्रवी पण मुकी झालेली असते.

आणखी एक गोष्ट विसरू नये. डीजेव्हीयूच्या जोडीने पुष्कळदा दुसरा एक भुरटा चोर आत येतो. तो कुलपे घालीत नाही; ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड गुपचूप बाहेर पाठवितो. सबब, निरोगी मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून बँकेचे, ई-मेलचे व इतर सर्व पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत.

कुलूप उघडेल काय?

कधी उघडते, कधी नाही. ही कुलपे गणिताची असतात, आणि ते गणित नीट बसविले असेल, तर किल्लीवाचून ती उघडणे आजच्या यंत्रांच्या आवाक्यात नाही. परंतु चोरही चुकतात, पकडले जातात, क्वचित पस्तावतातही. ‘टेस्लाक्रिप्ट’ नावाचा असा एक रोग होता. मे २०१६ मध्ये त्याच्या कर्त्यांनी धंदा बंद करून मूळ किल्ली जगासमोर ठेवली आणि क्षमाही मागितली. डीजेव्हीयूच्या जुन्या १४८ प्रकारांवर एम्सिसॉफ्ट या संस्थेने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनामूल्य उतारा काढला. त्यानंतरच्या प्रकारांपैकी ज्यांत कुलूप घालतेवेळी चोराच्या यंत्राशी संपर्क झाला नव्हता, अशा काहींनाच तो लागू पडतो. शिवाय हा रोग प्रत्येक फाइलीचा केवळ आरंभीचा सुमारे दीडशे किलोबाइटांचा भाग बिघडवितो. त्यामुळे लग्नाच्या लांबलचक चलच्चित्रातील बराच भाग कधी कधी दुरुस्त करून मिळतो.

आपला रोग कोणता व त्यावर उतारा आहे की नाही, हे पाहण्याचे विश्वासाचे ठिकाण म्हणजे ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ. डच पोलीस, युरोपीय पोलीस संघटना व दोन सुरक्षा-कंपन्या यांनी मिळून ते २५ जुलै २०१६ रोजी सुरू केले. तेथे कुलूप लागलेल्या दोन फाइली व ती चिठ्ठी दिली, की रोगाचे नाव कळते आणि उतारा असल्यास तो फुकट मिळतो. आज नसला, तरी उद्या निघू शकतो. म्हणून बंदिस्त फाइली फेकू नयेत, जपून ठेवाव्यात. मात्र ‘शंभर टक्के उघडून देतो’ म्हणून हजारो रुपये आगाऊ मागणाऱ्यांपासून सावध असावे. त्यांतील काही लोक आपल्याच पैशातून चोराला खंडणी देतात आणि दलाली खिशात घालतात. काही तर तेवढेही करीत नाहीत.

खंडणी द्यावी काय?

हा प्रश्न केवळ व्यवहाराचा नसून सदसद्विवेकाचाही आहे, म्हणून येथे थोडे थांबू. आपल्या पवित्र सभेला ‘खंडणी’ हा शब्द अपरिचित नाही. संत जॉन ऑफ मॅथा यांच्या त्रिऐक्य संघास ११९८ साली मान्यता मिळाली, आणि १२१८ साली संत पीटर नोलास्को यांनी बार्सिलोना येथे दयामाता मरियेच्या नावाने संघ स्थापिला. समुद्रावरील चाच्यांनी पकडून गुलाम केलेल्या ख्रिस्ती बांधवांना पैसे देऊन सोडविणे, हे या संघांचे कार्य होते. दयामातेच्या संघातील बंधू तर चौथे व्रत घेत, की प्रसंग पडल्यास बंदिवानाच्या जागी आपण स्वतः ओलीस राहू.

मग आम्ही खंडणी देऊ नका असे का सांगतो? कारण त्यांनी सोडविली ती माणसे होती. माणसाचा देह व आत्मा संकटात असता मोल पाहावयाचे नसते. फाइल ही माणूस नव्हे. ती कितीही प्रिय असली, तरी तिच्यासाठी दिलेला पैसा पुढच्या दरोड्याचे भांडवल होतो आणि उद्या दुसऱ्या एखाद्या विधवेच्या घराला तेच कुलूप लागते. शिवाय चोराच्या शब्दाची हमी कोण घेणार? पैसे घेऊन किल्ली न देणारे, अर्धीच देणारे, पुन्हा मागणी करणारे, असे सर्व नमुने या धंद्यात आहेत. ४९० डॉलर म्हणजे आपल्या रुपयांत चाळीस हजारांहून अधिक होतात. मागावर बसणाऱ्या घराचे कित्येक महिन्यांचे श्रम एका अज्ञात लुटारूच्या पदरात टाकण्याचा हक्क घरधन्यालाही नाही; त्यावर मुलांचा हक्क आहे.

काय गेले आणि काय गेले नाही

पहिल्या धक्क्यात सर्वस्व गेले असे वाटते. तसे नसते. शांतपणे कागद घेऊन बसावे आणि दोन याद्या कराव्यात. जमिनीचा उतारा सरकारच्या भूमी योजनेतून पुन्हा मिळतो. आधारपत्र पुन्हा छापून येते. पुष्कळ गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये सापडतात, नाही तर मंडळाकडून दुसरी प्रत घेता येते. बाप्तिस्मा, दृढीकरण व लग्न यांचे दाखले धर्मग्रामाच्या नोंदवहीतून कधीही मिळतील. त्यासाठी कोणी संकोच करू नये. छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून ज्या नातलगांना पाठविली होती, त्यांच्या मोबाइलमध्ये ती बहुधा असतात. मुंबईच्या मावशीला, गोव्याच्या मामाला, दुबईच्या भावाला विचारावे. या निमित्ताने नातीही जागी होतात. इतके करून जे उरेल, तेच खरे नुकसान. आणि ते बहुधा पहिल्या रात्री वाटले त्यापेक्षा कमी असते.

राखीव तेल

प्रभू येशूने सांगितलेला दहा कुमारींचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. शहाण्या कुमारींजवळ काय अधिक होते? दिवे सर्वांजवळ होते. शहाण्यांनी भांड्यात राखीव तेल घेतले होते, इतकेच. संगणकाच्या बाबतीत राखीव तेल म्हणजे दुसरी प्रत. या रोगावर जगातील सर्व तज्ज्ञांचा अखेरचा उपाय हाच आहे.

प्रिय वस्तूंच्या तीन प्रती असाव्यात. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर; मग ती गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी असो वा मुलीच्या सासरी दुसऱ्या डिस्कवर असो. यांतील मर्म असे, की बाहेरची डिस्क प्रत काढून होताच संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावयाची. जोडून ठेवलेली डिस्क ही प्रत नव्हे. चोराला ती दुसरी पेटी मिळते. गूगल ड्राइव्हचा कप्पा संगणकाशी जोडलेला असेल, तर तेथेही बंदिस्त फाइली चढतात. मात्र जुनी आवृत्ती साधारण तीस दिवस परत मिळू शकते, म्हणून लवकर हालचाल करावी. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्साहून आल्यावर अर्धा तास या कामास द्यावा. एक सत्कृत्य दुसऱ्याची आठवण करून देईल. आणि काढलेली प्रत खरोखर उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे; न तपासलेल्या तेलात पाणी निघाले, तर रात्री उपयोग काय?

याखेरीज विंडोजची दुरुस्ती येईल तेव्हा ती टाळू नये. डिफेंडर बंद करू नये. विंडोज सिक्युरिटीत ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ या नावाची व्यवस्था असते. ती चालू केली असता अनोळखी प्रणालीला आपल्या कागदपत्रांच्या कप्प्यांना हात लावता येत नाही.

वडीलधाऱ्यांस विनंती

शेवटी घरातील कर्त्या मंडळींस एक विनंती. हा रोग पुष्कळदा मुलांच्या हातून येतो. समजा, बारा वर्षांच्या पोराने एक फुकटचा खेळ उतरविला आणि पडदा विचित्र वागू लागला. बाबा रागावतील या भीतीने तो संगणक बंद करून ठेवतो, दोन दिवस गप्प बसतो आणि पुन्हा चालू करून गुपचूप काही खटपट करू पाहतो. तेवढ्या अवधीत उरलेल्या फाइलीही जातात, पासवर्डही जातात. त्या घरात अधिक नुकसान कशाने झाले? खेळाने की भीतीने?

म्हणून आजच जेवताना मुलांना सांगून ठेवा, “बाळांनो, संगणकावर काही वेडेवाकडे झाले, तर त्याच क्षणी आम्हाला सांगा. खरे सांगणाऱ्याला मार बसणार नाही.” आणि शब्द दिला, तो पाळा. चूक लवकर सांगणाऱ्या लेकराला क्षमा करणारा पिता कसा असतो, हे आपल्याला शुभवर्तमानाने शिकविले आहे. खेळ चोरून घेणे वाईट, हे त्याला नंतर शांतपणे, जवळ बसवून समजावून सांगा. ज्या घरात मूल भिऊन लपत नाही, त्या घरात चोराला फार वेळ लपता येत नाही.

चोर कोणत्या प्रहरी येईल, हे घरधन्याला ठाऊक नसते, असे प्रभूने आपल्याला बजावून ठेवले आहे. ते बजावणे आत्म्याच्या जागृतीसाठी होते. पण जो आत्म्याविषयी जागा आहे, तो घराविषयीही निष्काळजी राहत नाही. या आठवड्यात प्रत्येक घराने एवढेच करावे: आपल्या प्रिय वस्तूंची एक प्रत काढावी, डिस्क सोडवून कपाटात ठेवावी आणि १९३० हा क्रमांक भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. प्रभू आपल्या घरांचे, आपल्या श्रमांचे व आपल्या लेकरांच्या खरेपणाचे रक्षण करो.